नंदिनीचं लगीन

“मग? धरला का आंतरपाट?” कापूस वेचता वेचता सरजाबाईनं विचारलं. हात बोंडावर होता, पण जीव सगळा नंदिनीच्या मांडवात.

“धरला की. अन् विश्वास अजून एसटीतच हाय,” म्हणत सुकेशनीनं पान उलटलं.

“अगं मायऽ!” बायांच्या अख्ख्या रांगेनं हळहळ केली.

चुडाव्याजवळच्या त्या रानात वेचणी चालू होती. मजुरी किलोवर, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. म्हणून बायांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. सुकेशनीनं वेचायचं नाही. तिनं मागून चालत वाचनालयातली कादंबरी वाचायची, आणि प्रत्येकीनं आपल्या झोळीतला पसाभर कापूस तिच्या गाठोड्यात टाकायचा. पोरगी बारावी झालेली, आवाज खणखणीत. सौदा काही वाईट नव्हता.

सरजाबाई साठीच्या पुढची. पाटी-पुस्तकाला जन्मात हात लावलेला नाही. प्रेमाची गोष्ट म्हटल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी तिनंच नाक मुरडलं होतं, “हे कसले चाळे गं!” आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी रानात हजर! विश्वासनं नंदिनीचा हात पहिल्यांदा धरला तेव्हा तर म्हातारी अशी लाजली, की शेजारच्या केशरबाईनं तिला चिमटाच काढला. असलं गोड काही पुस्तकात असतं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आज मात्र तिचं तोंड सुकलेलं होतं. पोटात गाठ होती आणि उद्या नांदेडला ऑपरेशन. डॉक्टर तिच्याशी नाही, तिच्या लेकाशी बोलला होता, आणि लेक तेव्हापासून तिच्या नजरेला नजर देत नव्हता. काय समजायचं ते म्हातारी समजली. मरणाची भीती वाटत होती, न वाटून कसं चालेल? पण त्याहून घोर लागला होता तो नंदिनीचा. तिला असं भलत्याच नवऱ्यासमोर बोहल्यावर उभी ठेवून जायचं तरी कसं? म्हणून दुखतं पोट पदरानं करकचून बांधून ती वेचायला आली होती.

“पळव पोरी, पळव जरा.”

“पळवायलेच की मावशी. लय पानं हायत अजून.”

तेवढ्यात बांधावर फटफटी थांबली. तिचा लेक लिंबाजी धापा टाकत आला.

“माय! तू हितं काय करायलीस? सारं गाव हुडकलं म्या. रेल्वेचा टाइम झालाय, चल!”

“घडीभर थांब रं. आंतरपाट धरलाय.”

“कुणाचा?”

“नंदिनीचा.”

“कोण नंदिनी?”

बायांना हसू आलं, पण लिंबाजीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. “माय, तुला कळतंय का काही? त्या डाक्टरनं मला काय सांगितलंय...” त्यानं तिचा दंड धरला.

सरजाबाई सरीतच फतकल मारून बसली. “मला ठावं हाय त्यानं काय सांगितलंय. म्हून तर म्हणते, हे ऐकल्याबिगर न्हाई येत. उचलून न्हेलंस तरी न्हाई.”

सुकेशनी घाबरली. तिनं पुस्तक मिटलं. “मावशी, दोघं मिळतेत गं शेवटी. मिळतेत. जा आता तू.”

म्हातारी भडकलीच. “मिळतेत हे मला बी कळतंय! कसे मिळतेत ते वाच. ताटावर बसवून उठवायलीस का मला?”

सुकेशनीनं पुस्तक उघडलं. मजुरीची पर्वा न करता बायांचे हात थांबले. विश्वास एसटीतून उतरला, पळत सुटला, मांडवाच्या दारात त्याला चौघांनी अडवलं. लिंबाजी पाठ करून उभा होता. मग कधी वळला आणि कधी खाली उकिडवा बसला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मंगलाष्टकं मध्येच थांबली. नंदिनीनं हातातला हार खाली ठेवला आणि सगळ्या वऱ्हाडादेखत म्हणाली, “उशीर केलास. पण आलास.”

शेवटचं पान संपलं. केशरबाई हुंदके देत होती. सरजाबाईनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. किती दिवसांनी तिच्या तोंडावर जरा तजेला आला होता.

“झालं बाई एकदाचं. आता न्या मला कुठं न्यायचं ते.”

तिनं आपली सगळी झोळी सुकेशनीच्या गाठोड्यात रिकामी केली. बाया तिच्या भोवती जमल्या. कुणी हात धरला, कुणी तिचा पदर सारखा केला. “रडायला काय झालं गं? लगीन लागलं की,” असं त्यांनाच दटावत ती लेकाच्या मागं फटफटीवर बसली.

लिंबाजीनं किक मारली. निघता निघता काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, “सुके, हे लिवणारी बाई कोण गं? गुणाची दिसती. अजून काही लिवलंय का तिनं?”

“लय लिवलंय मावशी! वाचनालयात कपाटाचा अख्खा खण तिच्याच कादंबऱ्यांचा हाय.”

“अख्खा खण?”

“व्हय.”

“समद्या अशाच?”

“ह्याच्याहून गोड.”

म्हातारीचं तोंड पांढरंफटक पडलं. मग तिनं लेकाचा सदरा मागून दोन्ही मुठींत गच्च धरला.

“लिंबाजी, हाण रं. जल्दी हाण. त्या डाक्टरचे पाय धरते मी.”