मागची सीट

"उतरायचं नाही!" कॅप्टन मागून ओरडली. "जो उतरला तो घरी बसला!"

वायरमनने दात-ओठ खात पायडल मारलं. अर्धा चढ झाला होता, खरा जीवघेणा अर्धा अजून पुढेच होता. आज सरावाचा शेवटचा दिवस. हा चढ जो पाय न टेकवता चढेल, तोच पुढच्या आठवड्यात सायकलस्वारांच्या संघाबरोबर निघणार, असा कॅप्टनचा नियम. एरवी ती बँकेत कॅशवर बसायची, पण आवाज फौजदाराचा. संघातला सगळ्यात धडधाकट गडी, दातांचा डॉक्टर, खालच्या वळणावरच उतरला होता. रस्त्याकडेला तोंड पाडून उभा होता बिचारा.

वायरमनची सायकल दोघांची होती. पुढे तो, मागे बायको. सायकल निवडली होती लेकीने. हाताला नळ्या लावलेल्या, तरी मोबाइलवर चित्र दाखवून म्हणाली होती, "बाबा, मी बरी झाले की आपण दोघं जायचं. तुम्ही पुढे, मी मागे." बरी कुठली व्हायला! सायकल घरी आली तेव्हा पोरगी नव्हती. आता संघ निघणार होता तो त्याच हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डासाठी, नव्या मशीनला निधी जमवत, लांबच्या लांब गावांमधून. लेकीसाठी करण्यासारखं एवढं एकच काम उरलं होतं. तेही हातून झालं नाही तर जगायचं तरी कशाला, असं तो बोलून दाखवायचा. मागची सीट रिकामी ठेवून तो एकटाच निघाला होता. बायको म्हणाली, "मी बसते."

"आणि तुझे गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघते. तुम्ही पुढचा रस्ता बघा."

खरं तर पाय त्याचेच दगा देत होते. शिडीवर उभं राहिलं की लटपटायचे, दोनदा तर पंखा बसवता बसवता घसरला होता. शेवटी बायकोने धरून डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि तिला आत बोलावलं. ती बऱ्याच वेळाने आली, तोंड धुऊन आली. "अशक्तपणा आहे म्हणाले. पाय हलते ठेवा, बाकी काही नाही," ती हसत म्हणाली. शाळेत गणित शिकवणारी बाई. तिने सांगितलं म्हणजे बरोबरच असणार.

आणि झालंही तसंच. सरावाचे पहिले काही आठवडे नाकीनऊ आले, मग एके दिवशी पायडल हलकं लागायला लागलं. मग आणखी हलकं. वायरमनची छाती फुगली. "साठीला आलो, पण पाय बघा!" तो संघात सांगत सुटला. बायको मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती. ताटावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची, जिना उतरताना कठडा धरायची. "मागे नुसतं पोत्यासारखं बसून एवढी दमतेस?" तो चिडवायचा. "पोत्याला पण हादरे बसतात हो," ती म्हणायची.

शेवटचं वळण आलं. इथे चढ असा उभा होता की पुढचं चाक आभाळात शिरतंय असं वाटावं. वायरमनने होतं नव्हतं ते बळ पायात आणलं.

खाड्‌!

पायाखालचं पायडल एकदम गरकन फिरलं. त्याने खाली पाहिलं. चेन तुटली होती. ही सायकल त्याने स्वतः दहादा खोलून जोडली होती. तिला दोन चेन. एक लहान, त्याच्या पायडलांपासून बायकोच्या पायडलांपर्यंत. दुसरी, बायकोच्या पायडलांपासून चाकापर्यंत. तुटली ती लहान. म्हणजे आता त्याचे पाय नुसते हवेत. संपलं सगळं. सायकल आता थांबणार, मागे घसरणार. त्याची बोटं ब्रेकवर गेली.

सायकल थांबली नाही.

जशी चढत होती तशीच चढत राहिली. वेग कणभरही कमी झाला नाही.

डॉक्टरांनी बंद दाराआड काय सांगितलं असेल, ते त्याला कुणी न सांगता कळलं. हे पाय कधी सुधारलेच नव्हते. हलकी झालेली पायडलं, फुशारक्या, कठड्याला धरून उतरणारी बायको, सगळं एकदमच समजलं. आणि ही बाई एवढे दिवस एकटी हे पोटात ठेवून आपल्याला ओढतेय, या विचाराने त्याला रडू फुटलं.

कॅप्टन शेजारी आली. लोंबणारी चेन तिने पाहिली. "काका, तुमची..." ती म्हणाली, आणि तिची नजर मागच्या सीटवर गेली. काकू डोळे मिटून, ओठ चावत, सगळा जीव पायात घालून चढत होत्या. वायरमनने कॅप्टनकडे बघून मान हलवली. नको, सांगू नकोस. कॅप्टनने तोंड फिरवलं.

त्याने खांदे वाकवले आणि पाय पुन्हा फिरवायला सुरुवात केली. मागच्या पायांची लय ऐकत, जुळवून घेत.

"अहो," मागून धापा टाकत आवाज आला, "मलाही थोडं मारू द्या की पायडल. सगळा जोर एकटेच लावताय."

"गप्प बस गं," डोळे पुसायला हात न सोडता तो म्हणाला, "मी समर्थ आहे." आणि माथ्यापर्यंत तो हवेत पायडल मारत राहिला.