छातीवर हात

"बाकी सगळे सापडले, फितूर तेवढा सापडत नाही," भाची म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मावशीच्या कापड बेतायच्या टेबलावर सरकवला.

तिचा प्रबंध एका जुन्या साहसपटावर होता. डोंगरापलीकडचं हरवलेलं नगर शोधायला निघालेली पाच माणसं. अशा सिनेमांत काही माणसं ठरलेलीच असतात, आणि तिनं एका कागदावर त्यांचे रकाने आखले होते. नायक, त्याचा हसवणारा सोबती, वेशीवरचा राखणदार, सगळे आपापल्या जागी बसले. वाटाड्या तर तिचा जीव की प्राण. पण आपल्यातलाच कुणीतरी फितूर आहे, अशी चाहूल सिनेमाभर लागत राहते. शेवटी दोरखंडाचा पूल कोसळतो, आणि तो कुणी पाडला हे कळतच नाही. सोमवारी प्रबंध द्यायचा होता आणि एक रकाना रिकामा होता.

मावशीनं त्या स्टुडिओत सात वर्षं शिलाई केली होती. ह्या सिनेमाचे कपडेही तिच्याच हातचे. सिनेमा मात्र तिनं कधी पाहिला नव्हता.

"तेव्हा काही कुजबुज झाली असेल ना तुमच्यात?"

मावशीनं सुई उशीत टोचली, चष्मा वर केला. "चालव बघू पुढे."

पूल आला. सोबती पुलाच्या मध्यावर पोचले होते. वाटाड्या अलीकडच्या काठावर मागे राहिला. त्यानं उजवा हात कोटाच्या आत घातला आणि छातीवर धरला. हात हलेना. हळूहळू त्याचे डोळे भरून आले. पूल कोसळला, सोबती कसेबसे पलीकडच्या कड्याला लटकले.

भाचीनं चित्र थांबवलं. "ह्या छातीवरच्या हातावर मी अकरा पानं लिहिलीत. एक शब्द न बोलता निरोप घेतो तो. असा वाटाड्या पुन्हा झाला नाही."

मावशी पडद्याजवळ वाकली. मग तिला हसू आवरेना.

"निरोप कसला, बाई. सुरा काढतोय तो."

"कोण?"

"तुझा वाटाड्या. फितूर तोच होता. दोर तोच कापणार होता. सुऱ्यासाठी कोटाला आतून खिसा मीच केला होता."

अकरा पानं तिच्या डोळ्यांपुढून सरसर गेली. "मग कापला का नाही?"

"ते काम करणाऱ्या नटाला पोर होती एक, आठ वर्षांची. आई नव्हती तिला. बापाचं पहिलं मोठं काम म्हणून ती वर्गातल्या सगळ्या मुलींना घेऊन सिनेमाला जाणार होती. शेवट बदला म्हणून हा दिग्दर्शकाच्या विनवण्या करून थकला. मग माझ्याकडे येऊन बसला, कोट मांडीवर घेऊन. मागितलं काही नाही. नुसता रडला."

"आणि तू?"

"तो गेल्यावर सुरा आत ठेवून मी खिशाचं तोंड शिवून टाकलं. दुहेरी दोऱ्यानं. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असतं. पूल एकच बांधला होता, पाडायचाही एकदाच. ठरल्या वेळी कामगारांनी तो पाडला. पुन्हा उभारायला वेळ कुणाला होता? आहे तेच ठेवलं त्यांनी. बोटांना टाके लागले ना, तेव्हा त्याचे डोळे भरलेत बघ."

भाचीनं ते दृश्य पुन्हा लावलं. तोच हात, तेच डोळे. आता मात्र कोटाच्या आत चाचपडणारी बोटं तिला स्पष्ट दिसली. तिनं पुन्हा एकदा पाहिलं.

"म्हणजे माझी अकरा पानं खोटी," ती हळूच म्हणाली.

"खोटी का? त्याच्या लेकीनं तेच पाहिलं. राहू देत ती." मावशीनं कागद जवळ ओढला आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे माझं नाव लिही. दुसऱ्या दिवशी स्टुडिओनं हाच शब्द लिहून मला घरी पाठवलं होतं."