विरोधात एक

चासिबने स्वतःचं नाव पुरतं उच्चारलंही नव्हतं, तोच शेडमधले सगळे हात वर गेले.

इराकमधल्या बसऱ्याच्या वीजकेंद्रातली ही जुनी टर्बाइनची शेड. भर दुपारी कामगार संघटनेचा अध्यक्ष निवडायचा होता. चासिबच उमेदवार आणि सभा चालवायलाही तोच, कारण दुसरं कुणी पुढे येईना. त्याच्याविरुद्ध वायरमन लफ्ताला उभं केलं होतं, तेही त्याच्या हातापाया पडून.

"आता लफ्ताच्या बाजूने कोण?" चासिबने विचारलं. पुन्हा सगळे हात वर गेले. लफ्ताचाही गेला, आणि सवयीने चासिबचा स्वतःचाही.

"अरे बाबांनो, एका माणसाला एकच मत," तो करवादला. "दोघांनाही कसं देता?"

"दोघंही चांगले आहात," मागून कुणीतरी म्हणालं.

चासिबने कपाळाला हात लावला. महिनाभर तो यांच्या दारोदार फिरला होता. चिठ्ठ्या टाकू म्हटलं, तर चिठ्ठीवरचं अक्षर ओळखू येतं म्हणून सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. त्यापेक्षा हात वर करणंच बरं, हाताला अक्षर नसतं, म्हणाले. आणि आता हा तमाशा.

दाराशी खुर्ची टाकून परदेशी फौजेचा कप्तान बसला होता, शेजारी त्याचा दुभाष्या, उंबऱ्याबाहेर दोन बंदूकवाले शिपाई. बॉयलरवरच्या माणसांना कामावरून काढायचा हुकूम मॅनेजरने तयार ठेवला होता, तो फक्त कप्तानाच्या सहीसाठी अडला होता. मॅनेजर जुन्या राजवटीचा कायदा पुढे करत होता : सरकारी कारखान्यात कामगार नसतातच, सगळे अधिकारी असतात, आणि अधिकाऱ्यांना कसली आली संघटना? जुन्या हुकूमशहाचे पुतळे पाडणाऱ्या या फौजेने तो कायदा तेवढा जपून ठेवला होता. तरी कप्तान एवढ्याला कबूल झाला होता, की खरोखरीची निवडून आलेली समिती दिसली, तर उद्या मॅनेजरला तिच्यासमोर बसवीन. नाही दिसली, तर सही करून मोकळा होईन.

कप्तान दुभाष्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि हसला.

"साहेब म्हणतात, अशी निवडणूक त्यांनी टीव्हीवर पाहिली आहे," दुभाष्याने सांगितलं. "तुमच्या आधीच्या साहेबांची."

चासिबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप्तानाचा राग आलाच, पण त्याहून जास्त आपल्याच माणसांचा आला.

"विरोधात कोण?" तो ओरडला. "माझ्या विरोधात इथे एकही नाही? काल चहा पिताना तर माझ्या नावाने बोटं मोडत होतात. लफ्ता, निदान तू तरी."

"मला चार लेकरं आहेत," लफ्ता पुटपुटला.

कप्तान टोपी घालून उठला. आणि तेव्हा बॉयलरवाल्यांच्या घोळक्यातून एक हात वर आला. तो म्हाताऱ्या हाजी हनूनचा होता. जुन्या राजवटीत याच शेडमध्ये एकदा त्याच्या धाकट्या भावाचा हात उशिरा वर गेला होता. डोळ्यात काजळी गेली म्हणून तो डोळा चोळत होता, एवढंच. भाऊ पुन्हा घरी आला नाही.

"मी विरोधात," हनून म्हणाला. "तू कुणाचं ऐकून घेत नाहीस, चासिब. आमच्या पाळ्या मॅनेजरशी परस्पर ठरवून आलास. आम्हाला विचारलंस? मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय?"

चासिबच्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. पण कप्तान खूश होऊन पुन्हा खाली बसला होता. त्याने एक कोरा कागद मांडीवर घेतला, पेन काढलं.

"साहेब विचारतायत, या माणसाचं नाव काय?"

हनूनच्या आजूबाजूची माणसं आवाज न करता बाजूला सरकली. म्हातारा एकटा उरला. हात मात्र तसाच वर होता.

चासिब तरातरा दाराशी गेला आणि त्याने कप्तानाच्या कागदावर पंजा ठेवला. बाहेरच्या बंदुका हलल्या.

"नाव मिळणार नाही," तो म्हणाला. "विरोधात एक, एवढंच लिहा."

"अरे, साहेब कौतुकाने विचारतायत," दुभाष्या दबक्या आवाजात म्हणाला.

"आधीचेही कौतुकानेच विचारायचे."

दुभाष्याने ते सांगितलं की नाही, कोण जाणे. कप्तानाने खांदे उडवले आणि पेन खिशात टाकलं.

"हाजी, हात खाली घ्या आता," तो मागे वळून म्हणाला.

"आधी मोज," हनून म्हणाला. "मोठ्याने."

त्या शेडमध्ये आजवर कुणी हात मोजलेच नव्हते. न उचललेला हात तेवढा शोधला जायचा.

"विरोधात एक," चासिब मोठ्याने म्हणाला.

"चासिब, माझा हात मोजलास का रे?"

आवाज लफ्ताचा होता. तो दोन माणसांच्या आड उभा होता आणि त्याचा हात जेमतेम छातीपर्यंत आला होता.

चासिबला हसावं की रडावं कळेना.

"अरे, मग नीट वर कर ना तो," तो खेकसला. "सगळ्यांना दिसेल असा."