वापराच्या खुणा

बाईंच्या रुमालाला काळं लागलं आणि ताईचं वाक्य तोंडातच राहिलं.

वाक्य तरी कुठलं, बारा वर्षांत हजारदा म्हटलेलं. "झिजलाय म्हणून बिचकू नका हो. रंग उडालाय, म्हणजे कॅमेरा कुणाच्या तरी हातात होता, चालत होता. कपाटात बसून राहिलेला चकचकीत घेतलात तर आत बुरशी आणि शटर जाम."

बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. मुलांना रोल भरून फोटो काढायला शिकवायचं होतं, म्हणून जुना कॅमेरा हवा होता. आवडला तर आणखी पाच घेणार होत्या. ताईने शटर त्यांच्या कानाशी धरून ऐकवलं, मागचं झाकण उघडून दाखवलं, भिंग उजेडात फिरवलं. सगळं ठणठणीत. बाईंनी तो काळा कॅमेरा उचलला, कोपऱ्यांवरचं उघडं पडलेलं पितळ कौतुकाने पाहिलं आणि सहज रुमालाने पुसलं.

"रंग अजून निघतोय वाटतं," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनीसुद्धा?"

ताई कॅमेरा घेऊन दाराशी उजेडात गेली. जुनं पितळ काळवंडलेलं असतं. हे आत्ताच घासलेल्या भांड्यासारखं लखलखत होतं. त्यावर बारीक ओरखडे, आणि सगळे एकाच दिशेचे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"राहू दे," बाई रुमालाची घडी घालत म्हणाल्या. "येईन पुन्हा कधीतरी."

भांडल्या असत्या तर परवडलं असतं. हे 'कधीतरी' म्हणजे काय, ते दुकानदाराला वेगळं सांगावं लागत नाही.

दुकानात कामाची वाटणी नानांनी, म्हणजे वडिलांनी, पहिल्या दिवशीच करून दिली होती. कॅमेऱ्याच्या आतलं सगळं, शटर, भिंगं, स्प्रिंगा, ताईकडे, बाहेरच्या टेबलावर. वरची साफसफाई नानांकडे, आतल्या खोलीत, दार लावून. धूळ उडून भिंगांवर बसते, म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांचे हात कापायला लागले, ते माडीवर बसले आणि त्यांचं काम धाकट्या भावाकडे गेलं.

ताईने आतल्या खोलीचं दार ढकललं. कॅमेरा आपटावासा वाटला, पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? तो तिने हळूच टेबलावर ठेवला आणि मग टेबलावर हात आपटला.

"हा पॉलिश पेपरने घासलास?"

धाकट्याने टेबलावरचा कागदाचा तुकडा घाईने खणात सारला.

"तोंड शिवलंय का? लोक झिजलेला मागतात, म्हणून धडधाकट रंग खरवडतोस? मी तिकडे गळा फोडून सांगते की या वापराच्या खुणा आहेत, आणि तू इकडे बसून त्या तयार करतोस? अरे, जनाची नाही तर मनाची तरी!"

"ताई, हळू बोल. नाना वर झोपलेत."

"झोपलेत ना? आता उठवतेच."

तो पटकन दारात आडवा आला. "त्यांना नको सांगूस. पाया पडतो तुझ्या."

"आता पाया पडतोस? घासताना नाही आठवले नाना?"

"तुझ्यासाठीच सांगतोय गं."

"माझ्यासाठी! आहाहा, केवढे उपकार! हो बाजूला."

रडू येत होतं तिला, आणि रडू येतंय याचाच जास्त संताप होत होता. चांगली पगाराची नोकरी सोडून ती या दुकानात बसली होती. का? तर नानांच्या दुकानात खोटं विकलं जात नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. त्या एका गोष्टीचा तिला अभिमान होता. ही भानगड बाहेर फुटली, तर तिच्या शब्दाला कुत्रंसुद्धा विचारणार नव्हतं.

ती दाणदाण पायऱ्या चढली. नाना जागेच होते, खिडकीशी खुर्चीत.

"नाना, मला आज एकच सांगा. दुकानात हा राहणार की मी?" तिने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "बघा तुमच्या लाडक्याचे प्रताप."

नानांनी चष्मा सारखा केला. कोपरे पाहिले, तळ पाहिला, अंगठा टेकतो ती जागा नखाने खरवडून पाहिली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणापासून ताई त्या लाल पाळ्यांना टरकून असायची. आज मात्र तिला बरं वाटलं.

"गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं. रुमाल काळा झाला त्यांचा. एका शब्दानेही न भांडता गेल्या."

"मीच केलंय, नाना," धाकटा दारातून पुटपुटला. "घाई झाली."

"घाई?"

नाना खुर्चीला धरून उठले, दोन पावलं चालले आणि फाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात त्यांनी पोरांवर हात उगारला नव्हता. ताई दचकली. धाकट्याने मान खाली घातली, गालालाही हात लावला नाही. ताईला मात्र अगदी आतून थंड वाटलं. म्हातारे झाले, हात कापायला लागले, पण खोट्याची चीड तशीच आहे. शेवटी नाना ते नाना!

"गाढवा!" नाना थरथरत्या हाताने कॅमेरा त्याच्या नाकासमोर नाचवत ओरडले. "घासून झालं की मिठाच्या पाण्याचा बोळा फिरवायचा, दोन दिवस तसाच ठेवायचा, मग कुठे पितळ जुनं दिसतं! अख्ख्या जन्मात माझं एक गिऱ्हाईक असं परत गेलं नाही. हात धरून शिकवलं होतं ना तुला?"