केसभर फट

ये, जरा सरकून बस. एका कंबरेची गोष्ट आहे. छोटीच आहे, पण देवाने माणसाला हात कशाला दिले ते पुन्हा एकदा पटावं, अशी आहे.

सुतार उपचाराच्या टेबलावर कुशीवर पडला होता. तीन दिवस कंबर धरलेली. समोर चाकाच्या खुर्चीत त्याची बायको. अर्धं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत. तिच्या मागे लेक, हातात फोन घेऊन. दोन वर्षं बायकोला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर सुतारच उचलून ठेवत आला होता. आता त्याला स्वतःचा मोजा चढवता येत नव्हता. म्हणून लेकीने आज चार वाजता शुश्रूषागृहाची गाडी घरी बोलावली होती, आईला न्यायला.

दारावरच्या पाटीवर कायरोप्रॅक्टर असं लिहिलेलं होतं, पण सगळे त्यांना मणकेवाल्या बाईच म्हणत. बाईंनी आधी पाय उचलून पाहिला, टाचांवर चालवलं, मुंग्या येतात का, लघवीला काही त्रास होतो का, सगळं विचारून घेतलं. मग अंगठा कण्यावरून सावकाश खाली आणला.

"इथे."

"आई गं!"

"इथेच."

त्यांनी त्याचा वरचा गुडघा दुमडला, खांदा किंचित मागे लोटला. "श्वास सोडा," म्हणाल्या, आणि एकच झटपट, आखूड दाब दिला.

आवाज काही झाला नाही.

"बसला नाही," सुतार म्हणाला. "पुन्हा ठोका."

"मी काय खिळा ठोकतेय?"

"चाळीस वर्षं सांधे बसवतोय, बाई. नीट बसला की लाकूड बोलतं."

"आमच्याकडे लाकूडच बोलतं," खुर्चीतून बायको म्हणाली. "हे कुठे बोलतात!"

बाई हसल्या. मग आपली दोन नखं एकमेकांवर ठेवून त्यांनी सुताराला दाखवली. "कण्याच्या मागे एवढेसे सांधे असतात, जोडीजोडीने. असे सरकतात. तुमचा सांधा निखळला नव्हता, सरकायचा थांबला होता. भोवतीचे स्नायू घाबरून मूठ आवळून बसले होते. मी हाड बसवत नाही. सांध्याला केसभर फट देते, तीही क्षणभर. तेवढ्यात बरेचदा मूठ सुटते. आवाज म्हणजे सांध्यातल्या पाण्यातला बुडबुडा. झाला तर झाला."

सुताराने आवाज खाली आणला. "मग आवाजापुरतं तरी एकदा करा. लेकीची खात्री पटेल."

"खात्री पटवायला मी कुणाच्या पाठीला हात लावत नाही. उठा."

तो हातांवर भार देत उठला. उभा राहिला. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि वाकला. बोटं गुडघ्यापर्यंत गेली. थांबली. मग नडगीवर. मग मोज्याला लागली.

"अगं बाई!" बायको म्हणाली.

लेकीने हातातला फोन काही ठेवला नाही. "आज सुटली. पण उद्या?"

"उद्याचं मला सांगता येणार नाही," मणकेवाल्या बाई म्हणाल्या. "कुणाचं दुखणं तासाभरात परत येतं, कुणाचं येतही नाही. आखडलेलं मोकळं करून बघणं माझ्याकडे. परत आखडू न देणं तुमच्या घरात." त्या सुताराकडे वळल्या. "पलंग किती उंच आहे?"

"अकरा इंच."

"आणि तुमचं कामाचं टेबल?"

"चौतीस. बुटक्या टेबलाने कंबर जाते, बाई. प्रत्येक नव्या कारागिराला मी पहिल्याच दिवशी सांगतो की..."

त्याने बायकोकडे पाहिलं.

"पलंग आधी वीस इंची होता," बायको हळूच म्हणाली. "आजारपणानंतर मला झोपेत पडायची भीती वाटायची. ह्यांनी करवत घेतली आणि पायच कापले. पडलेच तर कमी लागावं म्हणून."

लेकीने बापाकडे पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं.

बाई खाली बसल्या आणि चाकाच्या खुर्चीची उंची वितीने मोजली. "पलंग एवढाच करा. म्हणजे उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं. वळायचं ते पावलांनी, कंबरेतून नाही. आणि पडायची भीती असेल तर कठडा लावा. पाय नका कापू."

"कठडा," सुतार स्वतःशीच पुटपुटला. "मला कसा सुचला नाही?"

"सुचणार कसा?" बायको म्हणाली. "माझ्याहून जास्त तुम्हीच घाबरला होतात."

गाडी बरोबर चारला घरी आली. चालक फॉर्म घेऊन आत आला, तर सुतार पलंगाशी गुडघे टेकून बसलेला, शेजारी चार जाड ठोकळे. सुताराने मान वर केली, पण बोलली ती लेक.

"आलाच आहात तर ही बाजू जरा उचलून धरता का? बाबांना आज काही उचलू द्यायचं नाहीये."

चालकाने इकडेतिकडे पाहिलं, फॉर्म खिडकीत ठेवला आणि पलंगाला हात घातला.

एवढंच. आता देवापुढे हात जोडशील तेव्हा त्या मणकेवाल्या बाईंची आठवण ठेव. त्यांचे अंगठे शाबूत राहू देत, म्हणावं.