कनवटीचं मीठ

चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनखाली तुटलेलं नवनाथचं बोट डॉक्टरांनी परवा जोडलं होतं. आज ते निळं पडलं. नर्सनं जळवांची बरणी आणली. “साचलेलं रक्त जळू ओढून घेईल,” डॉक्टर म्हणाले, “फार जुना उपाय आहे. पण बोटात ताजं रक्त पोचत असेल, तरच ती चिकटेल. नाही चिकटली तर बोट गेलं.” नवनाथच्या आईनं, चतुराबाईनं, मावळात जन्मभर भातलावणी केलेली. पोटरीला जळू दिसली की कनवटीच्या पुडीतलं मीठ टाकून मारायची. डॉक्टरांनी चिमट्यानं जळू बोटावर ठेवली. ती शेजारच्या धडधाकट बोटाकडं सरकली. परत ठेवली, तर परत तिकडंच गेली. नवनाथनं तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा मात्र ती निळ्या बोटावर घुटमळली. चतुराबाई अगदी जवळ वाकली. “धर गं माये,” ती पुटपुटली. “भिऊ नगंस. माज्याकडं आज मीठ न्हाई.”