चाळीस यार्ड

सात फेऱ्या झाल्या, अमेरिकन फुटबॉलच्या बत्तीस व्यावसायिक संघांनी आपापली पोरं निवडली, पण कीननचा फोन काही वाजला नाही. चार वर्षं कॉलेजसाठी सगळ्यात जास्त झेल घेतलेला हा पोरगा घरी बसला होता. आणि ज्याच्या हातात चेंडू टिकत नव्हता, पण पाय वाऱ्यासारखे पळत होते, त्या डॅरियसला पहिल्याच फेरीत उचललं होतं.

रॉस्कोने, त्याच्या बापाने, टीव्ही बंद केला.

"चूक माझी आहे, पोरा," तो म्हणाला. "चाळीस यार्डांच्या धावेचं तुझं टायमिंग मी रोज खोटं सांगत आलो. तू रेषेवर पोचायच्या आधीच स्टॉपवॉच दाबायचो. तुझा पडलेला चेहरा बघवत नव्हता रे. खरं सांगितलं असतं, तर निवडीआधीच्या चाचणीत सगळ्यांसमोर तुझी अशी फजिती झाली नसती."

"माहीत होतं, बाबा. पळताना तुमचा अंगठा दिसायचा मला."

"मग बोलला का नाहीस?"

कीनन उठला आणि टेबलावरच्या दोन प्लेटा उचलायला लागला.

"आई गेल्यापासून तुम्ही घराबाहेर पडायचात, ते फक्त माझं टायमिंग घ्यायला."